मधल्या रेघेवरचा माणूस

बाजारच्या दिवशी, भर गर्दीत, वैजनाथ मास्तरांचा उजवा हात आपोआप वर गेला. पिशवीत वांगी होती, वर सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी होती, आणि कापसाच्या गाड्यांनी अडवलेल्या रस्त्यातून वाट काढत ते घराकडे निघाले होते. कोपऱ्यावर एक तेलवाला लाकडी पेटीवर उभा राहून ओरडत होता. गुडघा, पाठ, मान, मुरगळलेला पाय, उसण भरलेली कंबर. माणसाचा सगळा देह तो एका श्वासात दुखवून दाखवत होता. मास्तर थांबले. तेल त्यांना नको होतं. त्या ओरडण्याच्या तळाशी जी हवा संपत चालली होती ती त्यांना ऐकू येत होती, आणि ती कुठवर पुरते हे ऐकल्याशिवाय पाय पुढे पडेना. 'उसण' आणि 'कंबर' या दोन शब्दांच्या मध्ये तेलवाल्यानं नाकानं चोरून एक बारीक श्वास ओढला, सुईच्या नेढ्यातून दोरा ओढावा तसा, आणि मास्तरांचा हात वर गेला. तोंडातून खणखणीत आवाज निघाला, "दम तुटला."

तेलवाल्यानं आधी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. "काय तुटलं, मास्तर?"

भोवतीची माणसं हसली. "हुतूतूचे पंच हायेत ते," कोणीतरी म्हणालं, "तुले मारलं त्यायनं. बस आता बाहीर." तेलवालाही हसला, मास्तरही हसले, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण हात खाली येईना. तो त्यांनी डाव्या हातानं धरून खाली आणला, पिशवीच्या दोरीत अडकवला, आणि दहा पावलं गेल्यावर एका दुकानाच्या पायरीवर ते बसले. छातीत काहीतरी आवळून आलं होतं. श्वास घ्यायचा कसा हे जणू आठवून आठवून करावं लागत होतं. हवेत सरकीचा आणि धुळीचा वास होता, कापसाचे बारीक तंतू उन्हात तरंगत होते, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा श्वास त्यांना वेगळा ऐकू येत होता. हमालाचा. म्हातारीचा. हातगाडी ढकलणाऱ्याचा. आत, बाहेर, आत. प्रत्येकाचा कुठेतरी तुटत होता आणि प्रत्येक वेळी त्यांचा हात पिशवीच्या दोरीत हलत होता.

ते खामगावच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होते. अमरावतीला व्यायामशिक्षणाचा उन्हाळी वर्ग करून आले तेव्हा त्यांच्या गळ्यात पितळी शिट्टी होती आणि अंगात एक प्रकारचा आनंद होता, ज्याला त्या वेळी नाव द्यावं असं वाटलं नव्हतं. हुतूतू हा काही साहेबाचा खेळ नव्हे. त्याला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही. सारवलेली जमीन, मधे एक रेघ, आणि माणसाची छाती, एवढं पुरतं. गडी समोरच्यांच्या पाटीत, त्यांच्या अर्ध्या मैदानात, हुतूतू हुतूतू म्हणत शिरतो, शिवता येईल त्याला शिवतो, आणि तोच श्वास घेऊन मधल्या रेघेपर्यंत परत येतो. श्वास मधेच तुटला तर तो मेला. शिवून परत आला तर समोरचा मेला. मेलेला पुन्हा जिवंतही होतो, हे या खेळाचं मोठं औदार्य. पण दम तुटला की नाही हे सांगणार कोण? गडी सांगणार नाही, त्याला धरून ठेवणारे सांगणार नाहीत, त्यांच्यामागे उभं असलेलं गाव तर नाहीच नाही. ते सांगायला मधल्या रेघेवर एक माणूस लागतो. वैजनाथ मास्तरांचा कान असा होता की चार गडी एकावर पडलेले असतानाही खालून येणारा आवाज एकसंध आहे की त्याला सांधा आहे हे त्यांना कळे. वऱ्हाडात त्यांचं नाव झालं. मेहकरला, मलकापूरला, पार सोनाळ्यापर्यंत लोक म्हणत, मास्तर असन तं खेळू.

हा कान कुठून आला हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. वडील कापसाच्या जिनात कारकून होते आणि शेवटची काही वर्षं दमेकरी होते. माजघरातल्या भिंतीला टेकून बसलेले वडील, उघडं तोंड, बरगड्यांचा भाता, आणि शेजारी आपण. तेव्हा मास्तर मॅट्रिकला बसायचे होते. पुस्तक मांडीवर असे आणि लक्ष त्या आवाजात. सूं करून आत जाणारी हवा आणि घरघरत बाहेर येणारी. मधे एक थांबा. त्या थांब्यात सगळं घर थांबे. आई चुलीपुढे फुंकणी हातात धरून थांबे. मग पुन्हा सूं होई आणि आई फुंकर मारी. एका दुपारी भाऊबंद जमले होते, वैद्य येऊन गेले होते, आणि मास्तरांचा कान वडिलांच्या छातीवर होता. थांबा आला. तो लांबला. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. काका, आत्या, दारातले शेजारी, आई. कोणी वडिलांकडे पाहत नव्हतं, सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आणि ते कितीतरी वेळ काही बोलले नाहीत, कारण त्यांना लख्ख कळलं होतं की आपण बोलेपर्यंत वडील जिवंत आहेत. शेवटी ते म्हणाले, "गेले." आणि मगच आई रडली.

पायरीवर बसल्या बसल्या त्यांना ते सगळे चेहरे दिसले. मैदानात दर वेळी तेच चेहरे असतात. शिट्टी वाजली की रडं नाहीतर आरोळी. त्याच्या आधी क्षणभर सगळं जग आपल्या तोंडाकडे पाहत असतं. तरणे होते तोवर त्या क्षणाची एक झिंग होती. पुढे तिची सवय झाली, मग ओझं, आणि गेल्या वर्षापासून तर सामन्याचं निमंत्रण आलं की जेवण जाईना.

गेल्या वर्षी शेवटचा सामना खामगावच्या एका आखाड्याचा आणि सोनाळ्याच्या गड्यांचा झाला होता. सोनाळ्याचा कडूबा नावाचा गडी होता. सातपुड्याच्या पायथ्याला गुरं राखून वाढलेला, उंच, काळा, आणि छाती अशी की हुतूतू म्हणत तो गावाला वळसा घालून येईल. शेवटच्या डावात तो एकटा जिवंत राहिला होता. तो आत शिरला, दोघांना शिवला, आणि परत वळताना रेघेपासून हातभर अंतरावर खामगावच्या चौघांनी त्याला पाडलं. मास्तर गुडघ्यावर बसले, कान जमिनीला लावला. खालून हुतूतू येत होतं, मग नुसतं तू तू, मग एक घरघर. त्या घरघरीत सांधा होता की नव्हता? मास्तरांनी शिट्टी मारली. सोनाळा हरलं. दगड आले, एक मास्तरांच्या खांद्याला लागला, पोलिसांनी काठ्या आपटल्या. खांदा बरा झाला. पण ती घरघर कानातून गेली नाही. ती वडिलांची होती की कडूबाची हेच त्यांना कळेनासं झालं होतं. आपण ऐकलं ते ऐकलं होतं, की आठवलं होतं?

तेव्हापासून हे सुरू झालं. वर्गात पोरं कविता म्हणत आणि मास्तर कडव्याच्या मधे श्वास पकडत. रेल्वेचं इंजिन धापा टाकी आणि त्यांचं बोट हले. दिवेलागणीला शरयू, त्यांची बायको, देवापुढे समई लावून स्तोत्र म्हणे. चौदा वर्षं ते स्तोत्र त्यांनी ऐकलं होतं आणि कधी ऐकलं नव्हतं. आता प्रत्येक ओळीत ती कुठे थांबते ते त्यांना पाठ झालं होतं. त्या दिवशी बाजारातून घरी आल्यावरही ती म्हणत होती, आणि तिसऱ्या ओळीच्या मधे तिनं श्वास घेतला तसा दारात उभ्या असलेल्या मास्तरांचा हात वर आला. तिनं वळून पाहिलं. स्तोत्र पुरं केलं, वात सारखी केली, आणि मग म्हणाली,

"महिनाभर पाहून राह्यले मी. असा हात काऊन करता?"

"तू मधे थांबतेस."

"मग?"

मास्तर खुंटीला टोपी लावत राहिले.

"थांबते मानूस," शरयू म्हणाली. "थांबून पुन्हा घेते. त्यात काय झालं?" आणि ती ताट घ्यायला आत गेली. जाताना तिनं पिशवी त्यांच्या हातातून सोडवून घेतली. दोरीचा वळ त्यांच्या बोटांवर उमटला होता, तो तिनं पाहिला आणि अंगठ्यानं चोळला.

यंदाचा सामना शेगावला होता आणि पुन्हा तेच दोन संघ होते. नाही म्हणायचं असं ठरवूनच मास्तर भगवंतराव वकिलांकडे गेले. भगवंतराव स्पर्धेचे चिटणीस. सुपारी कातरत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मास्तरांनी सांगण्यासारखं होतं तरी किती? झोप लागत नाही, छाती भरून येते, हात वर जातो. बोलून दाखवल्यावर ते अगदीच क्षुल्लक वाटलं.

"मास्तर, ताप आहे का?"

"नाही."

"मग? अहो, सोनाळ्याचे लोक म्हणतात, गेल्या साली मास्तरांनी हरवलं, तरी यंदा मास्तरच पाहिजे. दुसऱ्याला उभा केला तर ते यायचेच नाहीत. आणि आले तर डोकी फुटतील. एवढा विश्वास कोणावर असतो? नशीब समजा."

घरी येताना मास्तरांना वाटलं, विश्वास म्हणजे काय? चार गावांनी आपापली शंका आणून एका माणसाच्या अंगणात टाकायची आणि मोकळ्या हातांनी निघून जायचं. सामन्याच्या सकाळी शरयूनं दशम्या बांधून दिल्या आणि प्रथमच ती स्टेशनपर्यंत आली. गाडी हलली तेव्हा ती म्हणाली, "जमलं नाही तं सांगून देजा. मी काही विचारनार नाही."

जलंबला गाडी बदलून ते शेगावला उतरले. मैदान माणसांनी भरलं होतं. दर्शनाला आलेले यात्रेकरूसुद्धा कपाळाला बुक्का लावून कडेला उभे होते. थंडी होती, ऊन कोवळं होतं. मधली रेघ चुन्यानं आखलेली होती आणि तिच्यावर उभं राहताच मास्तरांना पायाखाली जमीन अरुंद झाल्यासारखी वाटली. सामना चालला, त्यांनी शिट्ट्या मारल्या, हात वर केले, मेला म्हणाले, जिवंत म्हणाले. सगळं बरोबर चाललं असावं, कारण कोणी ओरडलं नाही. पण ते जणू पाण्याखालून बोलत होते. पुढे ज्याची त्यांना भीती होती ते आलं. कडूबा आत शिरला, शिवला, वळला, आणि रेघेच्या अगदी जवळ पडला. वर पाच जण. धुरळा. मैदान एकदम शांत झालं.

मास्तर गुडघ्यावर बसले. कान जमिनीजवळ नेला. त्यांना आवाज ऐकू आला, घरघरता, आत आणि बाहेर, आणि तो त्यांचा स्वतःचा होता. दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी मान वर केली. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. शिट्टी ओठांत होती. मारावी? न मारावी? दोन्हींपैकी काहीही केलं असतं तरी लोकांनी ते खरं मानलं असतं. आणि नेमकं तेच त्यांना सहन होईना. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली.

"सोडा त्याले," ते म्हणाले. "मले ऐकू आलं नाही."

पाच जण गोंधळून उठले. कडूबा तोंडावरची माती पुसत उठून बसला. कडेनं गलका सुरू झाला. भगवंतराव धोतर सावरत रेघेपर्यंत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, काहीतरी सांगा. काहीही सांगा, पण सांगा."

"ऐकलं नाही ते कसं सांगू?"

दगड येणार, आता येणार, असं वाटून त्यांनी खांदा आवळला. दगड आला नाही. कडूबा समोर येऊन उभा राहिला होता. एवढा मोठा गडी, इतका जवळ, की त्याच्या छातीची ऊब त्यांना लागली. तो त्यांच्याकडे टक लावून पाहत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमाले बरं नाही काय?"

इतक्या वर्षांत, इतक्या मैदानांवर, हे कोणी विचारलं नव्हतं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून ते खाली बसले, चुन्याच्या रेघेवरच. कडूबाही शेजारी उकिडवा बसला.

"कडूबा," मास्तर म्हणाले, आणि गेलं वर्षभर जे कोणाला विचारता आलं नव्हतं ते त्यांनी हजार माणसांदेखत, हलक्या आवाजात विचारलं, "मागच्या साली तुझा दम तुटला होता काय रे?"

कडूबानं विचार केला. खोटं बोलावं की खरं, असा तो विचार नव्हता. आठवून पाहण्याचा होता. "मले काय मालूम, मास्तर? चौघं अंगावर होते. तोंडात माती गेली. डोयापुढं अंधार आला. मी हुतूतू म्हनून राह्यलो का आईले बोलावून राह्यलो, तेही मले ठाऊक नाही." त्यानं नाक शिंकरलं. "शिट्टी वाजली अन् ते उठले, एवढं याद हाये. तवा मले हवा भेटली. तुमी आनखी ऐकत बसले असते तं मी मेलोच असतो. खेळातला नाही, खराखुरा. मायले घरी सांगतलं मी, मास्तरनं वाचवलं म्हून."

मास्तर त्याच्याकडे पाहत राहिले. जी शिट्टी वर्षभर आपल्या कानात सुरीसारखी रुतून बसली होती, ती या माणसाच्या छातीत हवा होऊन शिरली होती. निर्णय बरोबर होता की चूक, हे त्याला माहीत नव्हतं आणि कोणालाच कधी कळणार नव्हतं. पण तो समोर बसून नाक शिंकरत होता. त्याची छाती वर जात होती, खाली येत होती, मधे थांबत होती, आणि पुन्हा वर जात होती.

"मंग दगड काऊन मारले तुमच्या लोकायनं?" त्यांनी विचारलं.

"ते मी नाही मारले," कडूबा म्हणाला. "हरलं की हात शिवशिवते लोकायचे."

एवढ्यात सोनाळ्याचे वस्ताद रामराव रेघेपाशी आले. म्हातारे, पांढऱ्या मिशांचे, कानाला फडकं गुंडाळलेले. त्यांनी भगवंतरावांकडे पाहिलं नाही, लोकांकडे पाहिलं. "हे पाहा," ते म्हणाले, "बैलायचीही जोडी राह्यते, जू एकट्यावर नाही ठेवत. सारा भार एका कानावर टाकून आपुन तमाशा पाहून राह्यलो. हा दम पुन्हा होऊ द्या. एक पंच आमचा उभा राहीन, एक खामगावचा. दोघायचं जमलं तं जमलं, नाही जमलं तं पुन्हा." खामगावच्या वस्तादांनी आपल्या गड्यांकडे पाहिलं, मान हलवली आणि ते पुढे आले. भगवंतराव काही बोलणार होते, पण गर्दीतून "हाव, बराबर हाये" असा आवाज उठला आणि ते सुपारी शोधू लागले.

कडूबानं मास्तरांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि रेघेच्या बाहेर, सोनाळ्याच्या बायाबापड्यांमध्ये नेऊन बसवलं. एका बाईनं सरकून जागा दिली. तिनं आपल्या पदरातले भुईमुगाचे दाणे त्यांच्या हातावर ठेवले, जणू ते तिच्या घरचेच कोणी होते. मास्तरांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली आणि दाणे खाऊ लागले.

पुढचा सामना त्यांनी पाहिला. म्हणजे खरोखर पाहिला. गड्यांचे पाय कसे पडतात, अंगठ्यावर भार देऊन ते कसे मागे झेपावतात, साखळी करून उभी असलेली माणसं एका श्वासात कशी वाकतात, हे सगळं ते इतकी वर्षं समोर असून पाहत नव्हते. त्यांना नुसतं ऐकावं लागत होतं. पहिल्याच धरपकडीत दोन्ही नव्या पंचांचं जुळेना. रामराव म्हणाले तुटला नाही, खामगावचे म्हणाले तुटला, आणि दोघं कमरेवर हात ठेवून भांडू लागले. लोक हसले. मग सवयीनं सगळ्यांची तोंडं मास्तरांकडे वळली. मास्तरांच्या तोंडात दाणे होते. त्यांनी नुसती मान हलवली, मला विचारू नका, आणि दोघा पंचांनी तो दम पुन्हा घ्यायला लावला. त्या एका हलक्या नकारानं आपल्या खांद्यावरून काय उतरलं हे त्यांना त्या क्षणी कळलं नाही. खूप भूक लागली आहे, एवढंच कळलं. त्यांनी शरयूनं दिलेल्या दशम्या सोडल्या आणि शेजारच्या बाईलाही एक दिली.

सोनाळा याही वर्षी हरलं. थोडक्यात हरलं. कोणी दगड उचलला नाही. दोन्ही वस्ताद अजून तावातावानं भांडत होते आणि लोकांना तेच पाहायला मजा येत होती. ऊन उतरायला लागलं होतं. मैदानाच्या कडेला पाण्याचा रांजण होता, तिथे गडी जमले होते. कडूबा मागे उभा होता, ओठ वाळलेले, अंगभर माती. मास्तर उठले. पंच म्हणून एवढी वर्षं त्यांनी कोणा गड्याला पाणी दिलं नव्हतं, कोणाकडून घेतलं नव्हतं. लोक काय म्हणतील याचा धाक असे. आज लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. त्यांनी रांजणातून तांब्या भरला आणि कडूबापुढे धरला. कडूबा वाकला, त्यानं ओंजळ तोंडाशी नेली, आणि मास्तर धार सोडू लागले. तो घटाघटा प्यायला. मधे थांबला, दमला, श्वास घेतला.

"घे," मास्तर म्हणाले. "सावकाश घे." आणि त्याची ओंजळ पुन्हा तोंडाशी जाईपर्यंत ते तांब्या धरून उभे राहिले.